लिव्हर कॅन्सरसाठी ट्रान्सप्लांट, पुण्यातलं एक मोठं हॉस्पिटल: पेशंटला साडेचार स्टार, डोनरला दोन

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये, पुण्यातलं मोठं प्रायव्हेट आहे एवढं पुरे. नाव टाकलं की अर्धे म्हणणार जाहिरात करतोय आणि अर्धे म्हणणार बदनामी करतोय, आणि सांगायचं ते बाजूलाच राहतं. माझ्या दादाचं लिव्हर कॅन्सरसाठी ट्रान्सप्लांट झालं, वहिनींनी आपल्या लिव्हरचा भाग दिला, दोघंही आज घरी आहेत, दादा दुकानात बसतो. त्यामुळे ऑपरेशन करणाऱ्या टीमबद्दल वाईट बोलायला मला जागाच नाही. पण एकाच दिवशी एकाच मजल्यावर दोन माणसांची पोटं उघडली, त्यातल्या एकाचं सगळं हॉस्पिटल नाव घेत होतं आणि दुसरी शेवटपर्यंत 'डोनर' म्हणूनच राहिली, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी केस काय होती ते सांगतो म्हणजे पुढचं कळेल. दादाचं वय ४८, कराडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान, दारूचा थेंब नाही. लिव्हर म्हणलं की लोकांना दारूच दिसते, आमच्या गल्लीत तर 'लपून घेत असणार' इथपर्यंत चर्चा गेली होती. पाय सुजायला लागले, संध्याकाळी शटर ओढायलाही दम लागायला लागला म्हणून रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी, सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत आणि वर गाठ. मग कळलं की हिपॅटायटिस बी आहे, कधीपासून आहे कुणाला पत्ता नाही, बहुतेक जन्मापासूनच कारण नंतर आईचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली. हा व्हायरस वर्षानुवर्षं काही न बोलता लिव्हर खात राहतो, सिरोसिस होतो, म्हणजे लिव्हर कडक आणि खडबडीत होतं, आणि त्या सिरोसिसमध्ये गाठ धरते. सिरोसिस असलेल्या माणसाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायला पाहिजे असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आम्हाला तर सिरोसिस आहे हेच माहीत नव्हतं.

पुण्यात ट्रिपल फेज सीटी केला. बायोप्सी केलीच नाही, याचं आम्हाला आश्चर्य वाटलं होतं, कॅन्सर म्हणजे तुकडा काढून तपासणारच असं डोक्यात असतं. पण या कॅन्सरचं तसं नसतं, सिरोसिसच्या पेशंटमध्ये सीटीच्या औषधाने गाठ आधी चमकते आणि नंतर बाजूच्या लिव्हरपेक्षा फिकी पडते, हा पॅटर्न स्पष्ट दिसला की निदान पक्कं धरतात. दादाच्या लिव्हरमध्ये अशा दोन गाठी होत्या, एक ३.८ सेंटीमीटर आणि दुसरी १.६. एएफपी नावाची रक्ताची टेस्ट, जी या कॅन्सरमध्ये वाढलेली येते, ती सहाशेच्या वर.

आता पहिल्या हॉस्पिटलची गोष्ट, हे वेगळं, त्याचंही नाव नको. तिथे सीटीची फाइल बघून दहा मिनिटांत सांगितलं की ट्रान्सप्लांट करून टाकू, घरचा डोनर आहे ना, मग लगेच तारीख मिळेल, पॅकेजसाठी खाली डेस्कवर भेटा. डेस्कवरच्या मॅडमनी लॅमिनेट केलेला कागद पुढे सरकवला, त्यात डिलक्स रूम आणि ट्विन शेअरिंग असे दोन रेट. छातीचा सीटी नाही, हाडांचा स्कॅन नाही, कॅन्सर दुसरीकडे गेलाय का हे कुणी विचारलं नाही. आणि वहिनींना तिथे एकच प्रश्न विचारला गेला, 'तुम्ही तयार आहात ना?', तोही आई, मी, दादा, वहिनींचे भाऊ असे सगळे समोर बसलेले असताना. त्या खोलीत कुठली बाई नाही म्हणणार होती सांगा बरं. दादालाच ते पटलं नाही, बाहेर आल्यावर म्हणाला एवढी घाई हे लोक का करतायत, मला दुसरीकडे दाखव.

दुसरीकडे गेलो ते हे, ज्याचा रिव्ह्यू लिहितोय ते. इथल्या सर्जननी पहिल्याच भेटीत सांगितलं, 'आत्ता करणार नाही.' आम्ही घाबरलोच, म्हणलं हाताबाहेर गेलं की काय. मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिव्हरचं चित्र काढलं, त्यात दोन गोल काढले आणि अर्धा तास समजावलं, बाहेर पेशंट ताटकळलेले होते तरी. मला वाटतं आमच्या सगळ्या खर्चातली सर्वात वसूल झालेली फी ती पहिली ओपीडीची.

ते काय म्हणाले ते माझ्या भाषेत लिहितो. लिव्हरचा कॅन्सर ट्रान्सप्लांटने बरा होऊ शकतो कारण गाठही जाते आणि जिच्यात गाठ उगवली ती जमीनही जाते. नुसती गाठ कापून दादाचं भागणार नव्हतं, अन्ननलिकेत शिरा फुगलेल्या, प्लेटलेट कमी, म्हणजे उरलेलं सिरोसिसचं लिव्हर ऑपरेशन झेपवू शकलं नसतं, आणि झेपलं असतं तरी त्यात पुन्हा गाठ येण्याची भीती होतीच. पण म्हणून कुठल्याही लिव्हर कॅन्सरला ट्रान्सप्लांट चालत नाही. अमेरिकेत स्टार्झल नावाच्या सर्जननी १९६३ मध्ये पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं, पेशंट जगायला मात्र १९६७ उजाडलं, आणि ते पहिलं यश मिळालेलं मूल लिव्हर कॅन्सरचंच होतं. वर्षभराहून जास्त जगलं आणि मग कॅन्सर परत आला. पुढेही तेच होत राहिलं, मोठ्या मोठ्या गाठी असलेल्यांना नवीन लिव्हर द्यायचे आणि कॅन्सर त्या नव्या लिव्हरमध्ये नाहीतर फुफ्फुसात उगवायचा, कारण ऑपरेशनच्या आधीच पेशी रक्तात गेलेल्या असायच्या, आणि वर ट्रान्सप्लांटनंतर प्रतिकारशक्ती दाबायची औषधं म्हणजे त्यांना मोकळं रान. शेवटी लोकांनी कॅन्सरसाठी ट्रान्सप्लांट करणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. मग १९९६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या मॅझाफेरो यांनी ४८ पेशंटचा अभ्यास छापला. त्यांनी पेशंट निवडूनच घेतले होते, एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, जास्त असतील तर फार तर तीन आणि प्रत्येक ३ सेंटीमीटरच्या आत, शिरेत शिरलेली नको, लिव्हरच्या बाहेर गेलेली नको. त्यातले ७५ टक्के चार वर्षांनी जिवंत होते. तेव्हापासून जगभर मिलानचा नियम म्हणून तोच धरतात.

दादा या नियमात बसत नव्हता. एकटी ३.८ ची असती तर बसला असता, पण दोन असल्यामुळे दोन्ही ३ च्या आत पाहिजेत. कॅलिफोर्नियावाल्यांचा २००१ चा थोडा सैल नियम आहे, सर्वात मोठी गाठ ४.५ पर्यंत आणि सगळ्या मिळून ८ पर्यंत, त्यात तो बसत होता. आपल्याकडे घरातलाच डोनर असतो, वेटिंग लिस्टमधल्या दुसऱ्या कुणाचं लिव्हर आपण घेत नाही, त्यामुळे मिलानच्या बाहेरच्यांनाही बरीच हॉस्पिटलं घेतात आणि त्यात काही गैर नाही असं सर्जन स्वतःच म्हणाले. पण पुढे जे म्हणाले त्यामुळे मी हे हॉस्पिटल निवडलं. म्हणाले, 'घरचा डोनर आहे म्हणून तर मला जास्त विचार करायला पाहिजे. तुमच्या वहिनींना काहीही आजार नाहीये. त्यांचं पोट मी उघडणार आणि वर्षभरात यांचा कॅन्सर परत आला, तर त्या बाईला मी कशासाठी कापलं?'

मग ठरलं की आधी टेस करायचं, म्हणजे जांघेतल्या शिरेतून वायर घालून गाठीला रक्त नेणाऱ्या शिरेत केमो सोडायचा आणि ती शिर बंद करायची, आणि त्यानंतर किमान तीन महिने थांबून बघायचं. ते थांबणं फार जड गेलं. रोज कोणीतरी फोन करून सांगायचं, अहो कॅन्सर आहे, थांबता काय, अमुकचा मेहुणा चेन्नईला आठवड्यात करून आला. पण त्या थांबण्यातच सगळी परीक्षा असते. गाठ त्या काळात शांत राहिली तर तो कॅन्सर ट्रान्सप्लांटला साथ देईल, उपचार करूनही वाढत सुटली तर नवीन लिव्हरमध्येही सुटणारच. दादाची मोठी गाठ बरीच मेली, जिवंत भाग दोन सेंटीमीटरच्या आत आला, एएफपी शंभरच्या खाली. मग छातीचा सीटी, पेट स्कॅन, हृदयाचा एको, आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे दातांचा डॉक्टर. दादाची मागची एक दाढ किडलेली होती, ती काढल्याशिवाय तारीख देणार नाही म्हणाले, कारण नंतर औषधांनी प्रतिकारशक्ती खाली गेली की त्या दाढेतलं इन्फेक्शनच जीव घेऊ शकतं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनची तारीख एका दाढेवर अडलेली, दादाला त्यातही हसायला येत होतं.

झेडटीसीसी पुणे, म्हणजे अवयव वाटपाचं विभागीय केंद्र, त्यांच्या यादीतही नाव घातलं होतं, म्हणजे मेंदूमृत डोनरचं लिव्हर मिळालं तर. पण ती यादी कशी सरकेल याचा काही भरवसा नाही, कॅन्सर आपल्यासाठी थांबत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट नातेवाइकांच्याच जिवावर होतात ही वस्तुस्थिती आहे. त्यातही देणाऱ्यांमध्ये बायका जास्त. वॉर्डात बघा कधी जाऊन, डोनरच्या खाटांवर बायको, आई, बहीण, मुलगी.

मी द्यायला तयार होतो, मी ओ पॉझिटिव्ह, सगळ्यांना वाटलं माझंच होणार. पण माझं लिव्हर फॅटी निघालं, सीटीवर चरबीचा आकडा बघून सरळ बाद केलं. दहा-बारा किलो कमी करून या मग बघू म्हणाले, पण तेवढा वेळ नव्हता. (माझ्या तपासण्यांचं पूर्ण बिल लागलं, पॅकेजमध्ये नापास डोनर धरत नाहीत हे लक्षात ठेवा.) मग वहिनी. त्यांचाही ओ पॉझिटिव्ह, वय ४२, लिव्हर एकदम स्वच्छ. इथे हिशोब असा असतो की पेशंटच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के वजनाचं लिव्हर मिळायला पाहिजे, दादा ६८ किलोचा म्हणजे साधारण ५४५ ग्रॅम, वहिनींचा उजवा भाग ६१० ग्रॅम भरत होता आणि त्यांच्याकडे ३६ टक्के राहत होतं. डोनरकडे ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाहीत. राहिलेलं वाढतं, थोड्या आठवड्यांत बरंचसं भरून येतं, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पण उजवा भाग देणाऱ्या डोनरचा मृत्यू हजारात दोन ते पाच इतका असतो हेही खरं आहे आणि ते सगळे सांगत नाहीत. २०२५ मध्ये पुण्यातच डोनर गेल्याची बातमी सगळ्यांनी वाचलीय. आमच्या सर्जननी हा आकडा वहिनींना तोंडावर सांगितला, लिहून दिला, आणि घरी जाऊन विचार करा म्हणाले.

आणि एक गोष्ट केली त्याला मी मनापासून पाच स्टार देतो. २०१४ च्या नियमांत असं आहे की डोनर बाई असेल तर जास्त काळजी घ्यायची, तिची ओळख आणि तिची स्वतःची संमती पेशंट सोडून दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यायची. बऱ्याच ठिकाणी हे कागदावर उरकतात. इथे सोशल वर्कर मॅडमनी आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, दादालासुद्धा, आणि वहिनींशी पाऊण तास एकट्या बोलल्या. वहिनींनी नंतर सांगितलं त्या काय म्हणाल्या ते. 'ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा नको वाटलं तर मला फक्त मिसकॉल द्या, आम्ही घरच्यांना सांगू की मेडिकल कारणामुळे तुमचं लिव्हर चालत नाही, खरं कारण कुणाला कळणार नाही.' वहिनी म्हणाल्या, हे ऐकल्यावरच मी खरं हो म्हणलं, त्याआधी नुसती मान हलवत होते. मग लग्नाचं सर्टिफिकेट, लग्नातले फोटो (वीस वर्षांपूर्वीचा अल्बम माळ्यावरून काढला, दादाचे केस बघून परवानगी देणाऱ्या कमिटीतले डॉक्टर हसले), रेशन कार्ड, आधार, व्हिडिओ रेकॉर्डिंग, सगळं सोपस्कार झाले. कागदपत्रांसाठी कोऑर्डिनेटरने दिलेली यादी अर्धवट होती, दोनदा कराडला पळावं लागलं, पण ठीक आहे.

ऑपरेशनबद्दल जास्त लिहीत नाही, मी बाहेर बसलेलो, मला काय कळणार. एकच सांगतो, दोघांनाही पहाटे नेलं, पण आधी दादाच्या पोटात बघून कॅन्सर लिव्हरच्या बाहेर पसरलेला नाही याची खात्री केली आणि मगच वहिनींचं लिव्हर कापायला घेतलं. हे तुम्हीही आधी विचारून ठेवा, पेशंटचं पोट आधी बघणार का. वहिनी दुपारी बाहेर आल्या, दादा रात्री उशिरा. लिव्हर काढल्यावर आणि नवीन बसवायच्या आधी हिपॅटायटिस बी नवीन लिव्हरला धरू नये म्हणून एक इंजेक्शन देतात, ते फार महाग असतं आणि पॅकेजच्या बाहेर असतं, ते मला रात्री नऊ वाजता औषधाच्या काउंटरवर कळलं.

आता तक्रारीचा भाग. वेटिंग हॉलमध्ये टीव्हीवर पेशंटची नावं आणि स्टेटस येतं, ऑपरेशन सुरू, रिकव्हरी असं. दादाचं नाव येत होतं. वहिनींच्या ओळीत त्यांचं नाव नव्हतंच, दादाचं नाव आणि पुढे 'डोनर'. त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यावर त्यांचं नाव बारीक आणि वर दादाचं मोठं. खोलीच्या दारावरच्या कार्डावर तेच. त्यांची आई गावाहून आली तेव्हा रिसेप्शनवर मुलीचं नाव सांगून शोधत होती, तर तिथली रिसेप्शनिस्ट म्हणाली या नावाचं कोणी ट्रान्सप्लांट मजल्यावर नाही. म्हातारी तिथेच खाली बसली. सिस्टिममध्ये रजिस्ट्रेशन तसंच होतं असं उत्तर मिळालं.

दादा स्वतंत्र आयसीयूत, बूट काढून, गाऊन घालून, हात धुऊनच आत जायचं, रोज डॉप्लर करून लिव्हरच्या धमनीत रक्त नीट चाललंय का बघायचे, डाएटिशियन सकाळ-संध्याकाळ, फिजिओ वेगळा. सगळं उत्तम, नर्सेस तर काय सांगू, बहुतेक केरळच्या आणि दोघी सोलापूरच्या, दादाला बोलून बोलून चालवलं त्यांनी. वहिनींना चौथ्या-पाचव्या दिवशी ट्विन शेअरिंगमध्ये हलवलं. दुखणं कमी करायच्या औषधाची पाठीतली नळी काढल्यावर त्यांना उजव्या खांद्यात आणि बरगडीखाली इतकं दुखायचं की खोकता येईना, गॅसने पोट फुगलेलं, आणि तो तीन गोळ्या वर उडवायचा फुंकणीचा डबा समोर नुसता ठेवलेला, कसा वापरायचा हे शेजारच्या पेशंटच्या मुलीने दाखवलं. (तो फुंकायचा नसतो, ओढायचा असतो.) पोटातल्या ड्रेनच्या नळीतून थोडं पित्त यायला लागलं तेव्हा ज्युनिअर डॉक्टर म्हणाले होतं असं, थांबेल. थांबलं खरं, पण ते दोन दिवस त्या बाईला कुणी समजावून सांगितलं नाही की हे काय आहे आणि नाही थांबलं तर काय करतात. मोठे सर्जन रात्री राउंडला आले तेव्हा खुर्ची ओढून तिच्याशी बोलले, त्यांच्याबद्दल माझा काहीच राग नाही. पण सगळी व्यवस्था अशी की डोनर म्हणजे काम झालेलं माणूस.

डिस्चार्जला तर कहर. दादाला रंगीत पुस्तिका, गोळ्यांचा तक्ता, थर्मामीटर, कोऑर्डिनेटरचा नंबर, काय खायचं काय नाही. पपनस नाही हे ठळक अक्षरात होतं, कारण ते आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायच्या औषधाची, रक्तातली पातळी वाढवतात, आणि घरी आलो तेव्हा नेमके गणपतीचे दिवस, घराघरात पपनस. वहिनींना एक पान. त्यावर लिहिलेलं, जड उचलू नये. किती जड, किती दिवस? पाण्याची कळशी चालेल का, कुकर चालेल का, गॅस सिलिंडर सरकवला तर? शेवटी मीच फोन करून विचारलं तर म्हणाले तीन महिने पाच किलोच्या वर काही नको. पाच किलो म्हणजे आमच्या घरातली कुठलीच भरलेली घागर नाही. आणि घरी तर नवरा पेशंट, त्याचं पथ्याचं जेवण वेगळं, उकळलेलं पाणी वेगळं, मग ते करणार कोण? डोनरला घरी कोण बघणार हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी कुणीतरी विचारायला पाहिजे होता. आमच्याकडे माझी बायको आणि वहिनींची आई होत्या म्हणून निभावलं.

फॉलोअपचंही तेच. दादाला आठवड्यातून दोनदा, मग एकदा. वहिनींना एकदा टाके बघायला आणि मग 'त्रास झाला तर या'. त्या एका भेटीची ओपीडी फी वेगळी घेतली, ज्या बाईने त्यांच्या हॉस्पिटलात लिव्हर दिलं तिच्याकडून. मी काउंटरवर भांडलो, परत केली, पण भांडायला का लागावं. वर्षाने कराडलाच त्यांची सोनोग्राफी आणि रक्त करून घेतलं, लिव्हर छान वाढलंय, रिपोर्ट कोऑर्डिनेटरला व्हॉट्सअपवर टाकला, निळ्या टिका आल्या आणि पुढे काही नाही.

पेशंटच्या बाबतीत एक गोष्ट मागून घ्या, सगळ्यांना सांगतो. काढलेलं जुनं लिव्हर पूर्ण कापून पॅथॉलॉजीत तपासतात, त्याचा रिपोर्ट आपणहून हातात देत नाहीत, डिस्चार्जच्या फाइलमध्ये नव्हता. कॅन्सरसाठी ट्रान्सप्लांट केलं असेल तर सर्वात महत्त्वाचा कागद तोच. सीटीवर न दिसलेल्या गाठी होत्या का, मायक्रोस्कोपखाली बारीक शिरांत कॅन्सर शिरलेला होता का, यावर पुढे परत येण्याची शक्यता ठरते. दादाच्यात सीटीवर न दिसलेली आणखी एक बारकी गाठ निघाली पण शिरांत काही नव्हतं. नियमात बसणाऱ्या पेशंटमध्येही दहातल्या एकाला वगैरे कॅन्सर परत येतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून दर काही महिन्यांनी एएफपी आणि सीटी चालू आहे. टॅक्रोलिमसचा डोस कमी करून एव्हेरोलिमस हे तसंच दुसरं औषध जोडलंय. टॅक्रोलिमसची लेव्हल बघायला रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं, आणि दादाची गोळी आठची. लॅब सातला उघडते पण टोकन सव्वाआठला लागतं, तोवर दादा गोळी हातात घेऊन बसलेला. हे तर पटकन सुधारण्यासारखं आहे.

पैशाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. पॅकेज बावीस लाखांचं, शेवटी सगळं धरून सत्तावीसच्या आसपास गेलं. बाहेर काय काय होतं बघा: टेस, तपासण्या, माझ्या नापास तपासण्या, हिपॅटायटिसचं इंजेक्शन, ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त राहिलेले दिवस, रक्त आणि प्लाझ्मा, आणि घरी गेल्यावरच्या गोळ्या, त्या सुरुवातीला महिन्याला पंधरा-वीस हजार. आमच्या पॉलिसीत डोनरचं ऑपरेशन धरलं पण त्याआधीच्या आणि नंतरच्या तपासण्या धरल्या नाहीत. पॅकेजचा कागद देतील तेव्हा आत काय आहे ते विचारू नका, बाहेर काय आहे ते लिहून मागा. बिलिंग डेस्कवरचं कुणी हे आपणहून सांगत नाही.

मदत मागायची असेल तर ॲडमिट व्हायच्या आधी हालचाल करा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून लिव्हर ट्रान्सप्लांटला मदत मिळते, पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, तुमच्या हातात नाही. आणि ट्रस्टचं हॉस्पिटल असेल तर महाराष्ट्रात धर्मादाय योजनेखाली १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला गाठायचं, उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला आधीच काढून ठेवायचा. इतकं मोठं ऑपरेशन फुकट होतं असं नाही, पण बिलात फरक पडतो.

जायचं असेल तर या टीमकडे जा, मी नाही म्हणणार नाही. फक्त डोनरच्या वतीने भांडायला घरातलं एक वेगळं माणूस नेमा, पेशंटच्या मागे पळणारं नको. आणि रक्ताच्या सगळ्या नात्यातल्यांची हिपॅटायटिस बीची टेस्ट करून घ्या, ती स्वस्त आहे. आम्ही भावकीतल्या सगळ्यांची केली, ज्यांना नव्हतं त्यांनी लस घेतली, आई आणि एक चुलत बहीण पॉझिटिव्ह निघाल्या, आता दोघींची सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात ज्यांना गरज आहे त्यांना हिपॅटायटिस बीच्या गोळ्या सरकारी हॉस्पिटलात फुकट मिळतात, आईच्या तिथूनच आणतो, रांग मोठी असते, डबा घेऊन जा.